हक्कसोडपत्र: सही करण्याआधी आणि नंतर काय करायचं, कोणत्या क्रमाने

हक्कसोडपत्र म्हणजे सामायिक मिळकतीतला आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या लाभात सोडल्याचा दस्त. पण ‘हक्कसोड’ म्हणून लोक जे कागद जपून ठेवतात, त्यातले बरेचसे हक्कसोड नसतातच. कोणाकडे स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र असतं, कोणाकडे नोटरी केलेलं संमतीपत्र, तर कोणी तलाठ्यासमोर ‘मला हिस्सा नको’ असा जबाब दिलेला असतो. यातल्या एकाही कागदाने स्थावर मिळकतीतला हिस्सा सुटत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ सांगतं की शंभर रुपये किंवा जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क संपवणारा दस्त नोंदवावाच लागतो. न नोंदवलेल्या दस्ताचा मिळकतीवर परिणाम होत नाही आणि त्या व्यवहाराचा पुरावा म्हणूनही तो चालत नाही, हे कलम ४९ मध्ये आहे.

याच्या उलट चूकही तितकीच होते. दस्त रीतसर नोंदवला जातो, पण सोडायचं होतं एक आणि सुटतं भलतंच. हा लेख महाराष्ट्रातल्या वारसाहक्काच्या मिळकतींबद्दल आहे. हिश्श्याची उदाहरणं हिंदू वारसा कायद्यानुसार आहेत.

## १. सोडायला हक्क आहे का, ते आधी बघा

जो हक्क अजून आलेलाच नाही, तो सोडता येत नाही. वडील हयात आहेत आणि जमीन किंवा फ्लॅट त्यांनी स्वतः कमावलेला आहे, तर मुलामुलींचा त्यात आज काहीही हिस्सा नाही. पुढे वारस होण्याची नुसती शक्यता आहे, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६(अ) अशी शक्यता हस्तांतरित करू देत नाही. त्यामुळे वडिलांच्या हयातीत मुलीकडून लिहून घेतलेलं ‘पुढे हिस्सा मागणार नाही’ हे पत्र मुळातच लंगडं असतं. मात्र ‘नाहीतरी ते रद्दच आहे’ असं समजून त्यावर सही करू नका. त्या बदल्यात पैसे घेतले असतील, तर कोर्ट पुढे तुम्हाला तुमच्याच शब्दांवर बांधून ठेवू शकतं.

एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मात्र हक्क जन्माने येतो, मुलाला तसाच मुलीला. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने हे आलं आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या तारखेला वडील जिवंत असण्याची अट नाही. लग्न झालं म्हणून हक्क जात नाही. हा हक्क वडिलांच्या हयातीतही असतो, म्हणून तेव्हाही सोडता येतो.

तपासा: मृत्युपत्र आहे का? असेल तर कोणाला काय मिळालं ते त्यावरून ठरेल, आणि हक्कसोडीची गरजच उरणार नाही असंही होऊ शकतं.

## २. वारसांची यादी आणि हिस्से कागदावर मांडा

दस्तातल्या बहुतेक चुकांचं मूळ या पायरीत असतं, म्हणून इथे घाई नको.

धरा, एक शेतकरी मृत्युपत्र न करता वारला. मागे त्याची आई, पत्नी, दोन मुलगे आणि विवाहित मुलगी. जमीन २ हेक्टर ४० आर, त्याच्या स्वतःच्या मालकीची. वारस किती? घाईत लोक चार मोजतात. खरे पाच आहेत, कारण मृताची आई ही पहिल्या वर्गाची वारस असते. प्रत्येकाला १/५, म्हणजे ४८ आर.

आजी यादीतून गळते तेव्हा पुढचा घोळ मोठा होतो. तिचे ४८ आर तिच्या नावावर न येताच ती वारली, तर तो हिस्सा तिच्या सगळ्या मुलामुलींकडे जातो. तिचा हा मुलगा आधीच वारला आहे, त्यामुळे त्याच्या वाट्याचं त्याच्या मुलांना मिळतं, पण काका आणि आत्याही त्यात हिस्सेदार होतात. ज्यांचा या जमिनीशी काल संबंध नव्हता, त्यांच्या सह्या आज लागतात. आजी हयात असताना आणि तिची इच्छा असेल तर तिचं हक्कसोडपत्रही याच वेळी करून घेणं सोयीचं. इच्छा नसेल तर तिचं नाव सातबाऱ्यावर येऊ द्या. तो तिचा हक्क आहे.

शेतकऱ्याच्या आधीच त्याचा एखादा मुलगा वारलेला असेल, तर त्या मुलाची विधवा आणि मुलं मिळून त्याचा एक हिस्सा घेतात. जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर आधी मृताचा स्वतःचा हिस्सा काढावा लागतो आणि मग तो वारसांत वाटला जातो. तिथे वकिलाकडून हिस्से लेखी काढून घ्या.

## ३. वारस नोंद आधी, हक्कसोड नंतर

मृत्यूचा दाखला, वारसांचा तपशील आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीतून वारस नोंदीचा अर्ज करा. सगळ्या वारसांची नावं सातबाऱ्यावर येऊ द्या. शहरात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असेल तर हेच काम नगर भूमापन कार्यालयात होतं.

बहिणींची नावं लावायचीच नाहीत, ‘म्हणजे पुन्हा कमी करायची कटकट नको’, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोक्याचा आहे. वारस लपवून दिलेलं प्रतिज्ञापत्र खोटं असतं, आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क संपत नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. मालकी त्याने निर्माण होत नाही की नष्टही होत नाही. वीस वर्षांनी तिची मुलं हिस्सा मागतात, तेव्हा भावाने बांधलेल्या घराखालची जमीनही त्या दाव्यात सापडते.

थांबा: दहाव्या-तेराव्यासाठी सगळे जमलेत, तेवढ्यात सह्या उरकून घेऊ, असं करू नका. दुःखात असलेल्या माणसाकडून घेतलेली सही पुढे ‘मला समजलंच नव्हतं’ या एका वाक्यावर कोर्टात वादात सापडते. आणि हे बहिणींना सांगायलाच हवं: हक्कसोड करणं बंधनकारक नाही, त्याला मुदत नाही. माहेर टिकवण्यासाठी सही करावीच लागते असा कुठलाही कायदा नाही.

## ४. हक्कसोडच योग्य दस्त आहे का?

हक्कसोड ज्याचा आधीच हिस्सा आहे त्याच्याच लाभात होते. सहहिस्सेदाराने हिस्सा सोडला की उरलेल्याचा हिस्सा फुगतो. ज्याचा मिळकतीत कणभरही हक्क नाही, त्याला ‘सोडून’ देता येत नाही, द्यावं लागतं, आणि त्याला बक्षीसपत्र किंवा खरेदीखत लागतं. सर्वोच्च न्यायालयाने कुप्पुस्वामी चेट्टियार प्रकरणात (१९६७) हेच सांगितलं आहे, शिवाय दस्ताचं नाव काहीही असलं तरी आतले शब्द हक्क देण्याचे असतील तर तो हस्तांतरणाचा दस्त ठरू शकतो, हेही.

व्यवहारात फसगत अशी होते: बहिणीला वाटतं, भावाऐवजी थेट भाच्याच्या नावे करू. वडिलांकडून आलेल्या स्वतंत्र मिळकतीत भाऊ हयात असताना भाच्याचा हिस्सा नसतो. मग ती हक्कसोड राहत नाही आणि मुद्रांक शुल्कही बदलतं.

अज्ञान (अल्पवयीन) मुलांचा हिस्सा असेल तर आणखी एक अडथळा आहे, आणि तो असायलाच हवा. तरुण विधवेकडून ‘स्वतःसाठी व अज्ञान मुलांची पालक म्हणून’ हक्कसोड लिहून घेतली जाते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६, कलम ८ प्रमाणे अज्ञानाची स्थावर मिळकत कोर्टाच्या पूर्वपरवानगीशिवाय नैसर्गिक पालकालाही हस्तांतरित करता येत नाही. परवानगी नसेल तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो दस्त रद्द करून घेऊ शकतं. विधवेने स्वतःच्या हिश्श्यापुरतंही सही करण्याआधी तिचा वेगळा वकील गाठावा.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं असेल किंवा त्यातल्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कूळकायद्याच्या अटी असतील, तर परवानगी लागते का ते तहसील कार्यालयातून लेखी विचारून घ्या.

## ५. कर्ज सुटत नाही

हक्क तुमचा असतो म्हणून तो तुम्ही सोडू शकता. देणं हा दुसऱ्याचा हक्क आहे. ते सोडण्याचा अधिकार फक्त त्या दुसऱ्याला असतो, करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे. त्यामुळे हिस्सा सोडला म्हणून तुमची सहकर्जदारी किंवा जामिनकी संपत नाही. ‘यापुढील सर्व कर्जाची जबाबदारी भावाची’ हे वाक्य तुमच्या आणि भावाच्या मध्ये चालेल, बँकेवर ते बंधनकारक नाही. बँकेकडून जामिनकीतून मोकळं केल्याचं पत्र आधी घ्या, मग हक्कसोड करा.

वडिलांच्या कर्जाची गोष्ट वेगळी. वारस स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल, तर त्याची जबाबदारी वारशाने आलेल्या मिळकतीपुरती असते. विकास सोसायटीचा बोजा इतर हक्कात असेल तर तो जमिनीबरोबर राहतो.

थांबा: स्वतःचे धनको दारात उभे असताना हिस्सा भावाला सोडून दिला, तर धनकोंना तो व्यवहार मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून मागता येतो.

## ६. मसुदा

लिहून देणार आणि लिहून घेणार यांची नावं आधार, पॅन आणि सातबाऱ्यावर जशी आहेत तशी लिहा. लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही नावं दस्तात हवीत. ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ एवढं वाक्य नसल्यामुळे फेरफार अडकतो.

मिळकतीचं वर्णन: गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र, आकार, पोटखराबा, चतुःसीमा. फ्लॅट असेल तर सोसायटी, मजला, क्षेत्रफळ, भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट). वडिलांच्या जमिनी दोन-तीन गावांत असतील तर प्रत्येक गावचा ८-अ काढा आणि गटांची यादी त्यावरून करा, आठवणीतून नको.

आता ते वाक्य, ज्यावर सगळं अवलंबून असतं. वरच्या उदाहरणातली मुलगी आपला हिस्सा सोडते आहे:

‘वर वर्णन केलेल्या मिळकतीतील मला वारसाहक्काने मिळालेला १/५ अविभक्त हिस्सा मी लिहून घेणार क्र. १ ते ४ या सर्वांच्या लाभात, समान प्रमाणात, विनामोबदला व कायमचा सोडून देत आहे.’

याने उरलेल्या चौघांना प्रत्येकी ६० आर होतात. याच वाक्यात ‘क्र. १ ते ४’ ऐवजी ‘फक्त क्र. ३’ लिहिलं, तर त्या एका भावाचे ९६ आर होतात आणि आजी, आई व दुसरा भाऊ ४८ आरवरच राहतात. मुलीच्या मनात आईला जास्त मिळावं असं असेल, तर आईचाच क्रमांक लिहायला हवा. दस्तलेखक हे विचारतोच असं नाही. तुम्ही सांगा.

‘माझा असलेला-नसलेला सर्व स्थावर-जंगम मिळकतीतील हक्क’ असली मोघम वाक्यं खोडून टाका. शेतातला हिस्सा सोडायला आलेली बहीण त्या एका ओळीने शहरातल्या फ्लॅटचा आणि बँकेतल्या ठेवीचाही हक्क सोडल्याचं लिहून देऊन जाते.

मोबदला घेतला असेल तर रक्कम, चेक किंवा बँक व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख लिहा. पैसे घेऊन ‘विनामोबदला’ लिहू नका. घेणारा पुढे उरलेली रक्कम नाकारेल तेव्हा तुमच्या हातात काही नसेल, आणि आयकर कायद्यात हक्क सोडणं हेही हस्तांतरणच धरलं जातं.

आई हिस्सा सोडत असेल तर तिला सांभाळण्याची अट याच दस्तात घाला: राहायला कोणती खोली, दरमहा किती रक्कम, औषधपाणी कोण बघणार. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली सांभाळ न केल्यास हस्तांतरण रद्द करून मागता येतं. पण सुदेश छिकारा प्रकरणात (२०२२) आईने मुलींच्या लाभात केलेलं हक्कसोडपत्रच वादात होतं, आणि सांभाळाच्या अटीवर हस्तांतरण झाल्याचं दाखवता न आल्याने ते रद्द होऊ शकलं नाही. तोंडी शब्दावर विसंबू नका.

## ७. मुद्रांक शुल्क

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची १ मधला अनुच्छेद ५२ लागतो. त्याचे दोन भाग आहेत. वडिलोपार्जित मिळकत असेल आणि हक्कसोड आई, वडील, पती-पत्नी, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, मृत मुलाची मुलं यांच्या किंवा त्यांच्या कायदेशीर वारसांच्या दरम्यान असेल, तर नाममात्र शुल्क. ते आधी २०० रुपये होतं, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झालं. बाकी सगळ्या बाबतीत सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखतासारखं शुल्क.

‘बाकी सगळं’ म्हणजे नेमकं काय, इथे लोक चुकतात. दोन भावांनी मिळून विकत घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नाही. नातं सख्ख्या भावाचं असलं तरी पाचशे रुपयांत तो हिस्सा सुटत नाही. भाऊ हयात असताना वहिनीच्या लाभात केलेली हक्कसोडही सवलतीत बसत नाही. भाऊ वारला असेल तर ती त्याची वारस म्हणून बसते.

मिळकत कशी आली याबद्दल शंका असेल तर सही करण्याआधी मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते ठरवून घेण्यासाठी, द्या. कमी शुल्क निघालं तर नंतर दंडासह भरावं लागतं. शुल्क आणि नोंदणी फी ‘ग्रास’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून ई-चलनाने भरता येते. चलनावरचं नाव आणि मिळकतीचा तपशील दस्ताशी जुळवून मगच पैसे भरा.

## ८. नोंदणीचा दिवस

दस्त मिळकत ज्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत आहे तिथे नोंदवायचा. सही केल्यापासून चार महिन्यांत सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून मिळू शकतात, पुढे नाही. आधी पब्लिक डेटा एन्ट्री (दस्ताची माहिती ऑनलाइन भरण्याची सोय) भरून वेळ घ्या.

सोबत न्या: मूळ दस्त, चलन, ताजा सातबारा व ८-अ किंवा मिळकत पत्रिका, मृत्यूचा दाखला, वारस फेरफाराची प्रत, सर्वांचे आधार व पॅन, आणि व्यवहाराशी संबंध नसलेल्या दोन ओळख पटवणाऱ्या व्यक्ती. फोटो आणि अंगठा तिथेच घेतात.

कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्यांना उचलून नेऊ नका. नोंदणी कायद्याच्या कलम ३१ खाली अर्ज केला तर निबंधक घरी येऊ शकतात. परदेशातल्या भावाला मुखत्यारपत्र पाठवायचं असेल तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर करून घ्यावं, त्यात हक्कसोडीचा अधिकार आणि मिळकत नेमकी लिहावी, आणि राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचा मुद्रांक भरावा. ‘सर्व कामे पाहण्यासाठी’ अशा मोघम मुखत्यारपत्रावर हक्कसोड करू नका.

तपासा: नोंदणी पक्की होण्याआधी संगणकावर भरलेली माहिती छापून दाखवतात. गट नंबर, क्षेत्र आणि लाभ घेणाऱ्यांची नावं बोट ठेवून वाचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीला पूर्ण दस्त मोठ्याने वाचून दाखवा आणि तसं दस्तात नमूद करा. तिथे पाच मिनिटं मागायला संकोच करू नका.

## ९. नोंदणीनंतर

सूची क्रमांक २ (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) हातात घ्या आणि त्यातही गट नंबर पुन्हा तपासा. ऑनलाइन जोडलेल्या कार्यालयांतून फेरफाराची माहिती तलाठ्याकडे आपोआप जाते. महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे नोंदणीकृत दस्ताने हक्क मिळवणाऱ्याला वेगळं कळवण्याचं बंधन नाही, तरी नोंद धरली गेली का ते स्वतः बघा. नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील.

फेरफार झाला की डिजिटल सहीचा सातबारा काढा, हक्कसोडीतल्या गटाचा आणि न सोडलेल्या गटांचाही. एका गटापुरता हिस्सा सोडलेला असताना सामायिक खात्यातून नाव सगळीकडून कमी झाल्याचं दिसलं, तर लगेच तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. फ्लॅट असेल तर नोंदणीकृत दस्ताची प्रत सोसायटीला आणि मालमत्ता कर विभागाला द्या. सोसायटीत नामनिर्देशन कोणाचंही असो, नामनिर्देशित व्यक्ती तेवढ्याने मालक होत नाही. इतर वारसांची हक्कसोड तरीही लागते.

## १०. चूक झाली तर

टंकलेखनाची चूक, जसं गट १२४ ऐवजी १४२, सर्वांच्या सहीच्या चूक दुरुस्ती पत्राने सुधारते. तेही नोंदवावं लागतं.

मन बदललं म्हणून एकट्याने रद्दपत्र करून हक्कसोड मागे घेता येत नाही. ज्याच्या लाभात सोडलं तो राजी असेल तर त्याला नव्या दस्ताने हिस्सा परत द्यावा लागतो आणि त्यावर शुल्क नव्याने बसतं. तो राजी नसेल आणि सही फसवून, धाकाने किंवा दबावाखाली घेतली गेली असेल, तर दिवाणी न्यायालयात विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३१ खाली दावा लावावा लागतो. त्याची मुदत तीन वर्षं, आणि ती फसवणूक कळल्यापासून मोजली जाते. त्यासाठी सहीच्या दिवशीचे मेसेज, बँकेचे व्यवहार, कोण सोबत होतं याची टिपणं तारखांसह आजच एका जागी ठेवा, आणि दस्ताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडून काढून घ्या. मूळ दस्त बहुतेक वेळा लाभ घेणाऱ्याकडेच असतो.